एकट्याची पेढी

बडोद्यातील जुन्या मराठी घराण्यांचा इतिहास पाहिला म्हणजे एक गोष्ट लक्षात येते. अठराव्या शतकात गायकवाडांच्या फौजेबरोबर आणि मागाहून त्यांच्या दफ्तराबरोबर आपले पूर्वज या मुलखात आले. कोणी शिलेदार होते, कोणी कारकून, कोणी शास्त्री, कोणी हरदास, कोणी गवई. महिना भरला की पगार आणि सणावाराला मानाचे वस्त्र, अशी त्यांची राहणी. दांडिया बाजारातून मांडवीपर्यंत चालत गेले तर वाटेत दुकानेच दुकाने लागतात. परंतु गल्ल्यावर मराठी माणूस बसलेला क्वचितच दिसतो. धंदा शेजाऱ्याने करावा आणि आपण नोकरी करावी, ही वाटणी कित्येक पिढ्या गुण्यागोविंदाने चालली.

आता ती वाटणी राहिलेली नाही. आपल्याच आळीत नजर टाकली तर एकट्याने चालविलेले कितीतरी व्यवसाय दिसतील. कोणी शिवणकाम करते, कोणी डबे देते, कोणी दिवाळीचे फराळाचे जिन्नस करून विकते, कोणी दुसऱ्यांचे हिशेब लिहिते, कोणी गणिताच्या, कोणी गाण्याच्या शिकवण्या घेते. अशा धंद्याला दुकान नसते, पाटी नसते, मुनीमही नसतो. कारागीर तोच, मालक तोच आणि वसुलीला जाणारा माणूसही तोच. काम उत्तम करावे एवढेच आपण जाणतो. गिऱ्हाईक कोठून येणार, आल्यावर त्याच्याशी काय बोलावयाचे, पैशाची गोष्ट केव्हा काढावयाची, गेलेले गिऱ्हाईक का गेले, याचा विचार करणे आपल्याला थोडे कमीपणाचेच वाटते. तो विचार कसा करावा हे मी माझ्या व्यवसायापुरते सांगणार आहे. माझा व्यवसाय गाणे शिकविण्याचा.

बिदागी आणि फी

मी दरबारी गवयाचा मुलगा. माझे वडील सोळाव्या वर्षी कलावंत कारखान्यात लागले आणि १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले तेव्हा ते अवघे एकोणीस वर्षांचे होते. मी त्यांच्या पन्नाशीतला मुलगा. त्यामुळे दरबार मी पाहिला नाही, पण दरबाराची सवय मात्र घरात पाहिली.

दरबारचे गवई, वादक आणि नर्तकी यांचे ते खाते. सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दीत त्याला लेखी नियम घालून दिलेले होते. हजेरी केव्हा, रजा कशी मागावयाची, सारे ठरलेले. आज आपल्याला हे नियम जाचक वाटतील. परंतु त्यांत एक मोठे सुख होते. दरबारी गवयाला गिऱ्हाईक आयुष्यात एकदाच मिळवावे लागे. ते एकदा मिळाले की पुढे फक्त हजेरी.

दरबाराबाहेर मैफल झाली तर मिळे ती बिदागी. हा शब्द नीट पाहण्यासारखा आहे. पाहुण्याला निरोप देताना, म्हणजे बिदा करताना, जे द्यावयाचे ती बिदागी. तिचा आकडा देणाऱ्याने ठरवावयाचा. घेणाऱ्याने कपाळाला लावून खिशात घालावयाचा आणि मोजावयाचा तो घरी आल्यावर. फी हा शब्द याच्या अगदी उलट. ती निरोपाच्या वेळी द्यावयाची नसून येतानाच ठरवावयाची असते, आणि तिचा आकडा घेणाऱ्याने सांगावयाचा असतो. गवयांच्या मुलांची सारी अडचण या दोन शब्दांच्या मधोमध आहे.

संस्थान गेल्यावर पुष्कळ कलावंतांनी शिकवण्या धरल्या. शिकविले मनापासून, परंतु फी विचारली की उत्तर एकच, ‘आपल्या मनाला येईल ते द्यावे.’ बडोद्याची माणसे कृपण नव्हती. किती द्यावे हे त्यांना कोणी सांगितलेच नाही. मग कोणी सणाला धोतरजोडी दिली, कोणी दहा महिन्यांनी एकदा पाकीट दिले, कोणी आदराने नमस्कार केला. आमच्या गल्लीतील एका वृद्ध सारंगियांनी अखेरीस आपली सारंगीच विकली. त्यांच्या हातातील विद्या कमी नव्हती. तिला दारापर्यंत येणारी वाट बांधलेली नव्हती.

दोन पूर्वसूरी

ही वाट बांधण्याचा विचार आपल्याच शहरात फार आधी झाला, याचे मला अगत्य वाटते. १८८६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी येथे गायनशाळा सुरू केली. तिचाच वंश म्हणजे सूरसागराच्या काठी आज दिसणारे महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे संगीताचे विद्यालय. मौलाबक्षांनी स्वरलिपी वापरली, पाठ क्रमवार लावले. त्या काळी गाणे शिकावयाचे म्हणजे उस्तादांच्या घरी राहावयाचे, त्यांची मर्जी सांभाळावयाची आणि चीज केव्हा मिळेल याची वाट पाहावयाची. येथे प्रथमच पालकाला सांगता येऊ लागले की, मुलगा आज हे शिकेल आणि पुढे ते शिकेल. विकणाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर ही साधी गोष्ट नव्हे. जे घ्यावयाचे त्याला आधी रूप असावे लागते, तरच घेणारा पुढे येतो.

दुसरे नाव पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांचे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे हे शिष्य १८९६ साली मिरज सोडून बाहेर पडले. वाटेत बडोद्यास आले, पुढे सौराष्ट्रात गेले आणि तेथे तिकीट लावून त्यांनी जाहीर मैफल केली. ज्याला पैसे देऊन ऐकावयाचे त्याने यावे, मग तो सरदार असो की शाळामास्तर, हा त्या तिकिटाचा अर्थ. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. ते एका संस्थानिकाच्या तिजोरीवर न चालता लोकांच्या वर्गणीवर आणि त्यांच्या स्वत:च्या मैफलींवर चालले. फी देणारे विद्यार्थी वेगळे आणि विद्येला वाहून घेणारे, आश्रमात राहणारे शिष्य वेगळे, अशी त्यांनी सोय केली.

त्यांच्या चरित्रातला पुढचा भागही धंदा करणाऱ्याने विसरू नये. १९०८ साली मुंबईत शाखा निघाली, मागाहून तिची इमारत कर्जावर उभी राहिली आणि ते कर्ज फेडावयाचे होते पंडितजींच्या मैफलींतून. एका गळ्यावर एवढी मोठी संस्था उभी होती. मैफली कमी झाल्या, व्याज मात्र थांबले नाही, आणि अखेर ती वास्तू ऋणकोच्या हातून धनकोच्या हातात गेली. १९३१ साली पंडितजींचे निधन झाले. त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले आणि त्याच्या प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या परीक्षा आज आपली मुले देतात. विद्या टिकली, इमारत गेली. एकट्या माणसाने आपल्या अंगावर किती घ्यावे, याचा हिशेब आधी करावा, हा त्यातील बोध.

आधी जागा मोजाव्या

म्हणून गिऱ्हाईक शोधण्याच्या आधी आपल्याकडे विकावयाला किती आहे हे मोजावे. शिक्षकाजवळ तास असतात, शिवणकाम करणाऱ्या बाईंजवळ दिवसाला उरकणारे कपडे असतात, डबेवाल्या वहिनींजवळ एका वेळी होणाऱ्या पोळ्या असतात.

उदाहरणादाखल माझ्यासारख्या शिक्षकाचा हिशेब मांडतो. आकडे समजुतीपुरते धरावे. आठवड्याचे सहा दिवस, रोज चार तास शिकवावयाचे म्हणजे २४ तास. नवशिक्यांचे तिघातिघांचे आठ गट केले आणि प्रत्येक गट आठवड्यातून दोनदा एकेक तास आला, तर १६ तास लागले आणि २४ विद्यार्थी झाले. उरलेल्या ८ तासांत वरच्या वर्गातले ८ विद्यार्थी, आठवड्यातून एकदा, एकेकटे. एकूण ३२ जागा. त्यांतील एक जागा मी विनामूल्य ठेवतो. ज्याला खरोखर गळा आहे आणि ऐपत नाही अशासाठी ती आहे. ती हिशेबात आधीच वजा केलेली असल्यामुळे देताना हात आखडत नाही, आणि दुसरी कोणी तशीच मागितली तर नाही म्हणतानाही जीव गुदमरत नाही.

उरल्या ३१ जागा. नवशिक्यांना महिना १,५०० आणि वरच्यांना ३,००० रुपये धरले, तर २४ जागांचे ३६,००० आणि ७ जागांचे २१,०००, असे महिन्याला ५७,००० होतात. मे महिना सुट्टीचा, म्हणून अकरा महिन्यांचे ६,२७,०००. आता घरखर्च महिना ४५,००० असेल तर बारा महिन्यांचे ५,४०,००० झाले. मधे शिल्लक राहते ८७,०००. नवशिक्यांच्या पाच जागा वर्षभर रिकाम्या राहिल्या तर ८२,५०० रुपये जातात. तरीही घर कसेबसे चालते. सहावी जागा रिकामी राहिली की घरखर्चात भगदाड पडले.

हा हिशेब अर्ध्या पानाचा आहे. परंतु तो केल्यावर ‘विद्यार्थी पुष्कळ हवेत’ ही धास्ती जाते आणि ‘पाचाहून अधिक जागा रिकाम्या राहू द्यावयाच्या नाहीत’ हे नेमके काम हातात येते.

चौकशीची वही

आपल्या गुजराती शेजाऱ्यांकडून मी एक गोष्ट घेतली. दिवाळीत ते चोपडापूजन करतात. लाल कापडाच्या वहीवर कुंकवाचे स्वस्तिक काढून तिला नमस्कार करतात. आपण सरस्वतीची पूजा करतो, तेही तीच करतात. फक्त त्यांची सरस्वती हिशेबाच्या वहीत बसते. मीही एक वही ठेवली आहे. तिच्यात फी नाही, नुसत्या चौकशा आहेत.

कोणाचा फोन आला, कोणाचा व्हॉट्सॲपवर निरोप आला, कोणी देवळात भेटून विचारले, की त्याच दिवशी वहीत एक ओळ. नाव, विद्यार्थ्याचे वय, काय शिकावयाचे आहे, कोणत्या वेळा जमतील, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे माझे नाव कोणी सांगितले. पुढे एक रकाना पहिल्या बैठकीचा, एक निकालाचा. चौकशीला त्याच दिवशी उत्तर द्यावयाचे. दुसऱ्या दिवशी त्या आईने दुसऱ्या शिक्षकाला विचारलेले असते.

दोन-तीन वर्षांच्या ओळी जमल्या की वही बोलू लागते. माझी वही सांगते की, दहा चौकशा आल्या तर सहाजण पहिल्या बैठकीला येतात आणि त्या सहांतले तिघे राहतात. वर्षाकाठी माझे दहाएक विद्यार्थी जातात. कोणाची दहावी येते, कोणाच्या वडिलांची बदली होते, कोणाचे लग्न ठरते, कोणाला कंटाळा येतो. म्हणजे दहा जागा भरावयाच्या तर वीस बैठका आणि सुमारे तेहतीस चौकशा लागणार. महिन्याला तीनसुद्धा नाहीत! हा आकडा कळला की रात्रीची झोप लागते. एखाद्या महिन्यात एकही चौकशी आली नाही तर वही ते आधीच सांगते. रिकामी जागा दिसेपर्यंत थांबावे लागत नाही.

‘कोणी सांगितले?’ या रकान्याने मला हेही शिकविले की, छापील पत्रके वाटणे हे बहुधा कागदविक्रेत्याच्या फायद्याचे असते. माझे बहुतेक विद्यार्थी आधीच्या विद्यार्थ्यांच्या घरांतून आले. त्यांच्या खालोखाल गुरुपौर्णिमेच्या बैठकीला आणि गणेशोत्सवातील कार्यक्रमाला आलेल्या श्रोत्यांतून. नंतर पेटी आणि तानपुरा दुरुस्त करणाऱ्या कारागिरांच्या शिफारशीतून. तेव्हा कष्ट घ्यावयाचे ते तेथे. गुरुपौर्णिमेला प्रत्येक मुलाला पाच मिनिटे का होईना गाऊ द्यावयाचे आणि प्रत्येक घरी सांगावयाचे की, आजी-आजोबांना आणि शेजाऱ्यांना घेऊन या. दुकानाला काचेचे कपाट असते, तसे आपले ते कपाट. त्यात ठेवलेले गाणे कच्चे असले तर कोणतीही पाटी उपयोगी पडत नाही.

पहिली बैठक

पहिल्या बैठकीला अर्धा तास. ती विनामूल्य, पण वेळ ठरवून. या अर्ध्या तासात मी कमी बोलतो. पुष्कळ शिक्षक येथे आपली गुरुपरंपरा सांगत बसतात. समोरच्या बाईंना त्या क्षणी आपल्या मुलीची काळजी असते, आपल्या घराण्याची नव्हे.

मी तीन गोष्टी विचारतो. गाणे शिकावे असे कोणाला वाटते, मुलीला की तुम्हाला? घरी रोज वीस मिनिटे बसावयाला जागा आणि शांतता आहे का? आणि वर्षाने काय झाले म्हणजे पैसे सत्कारणी लागले असे तुम्हाला वाटेल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ऐकून पुढचे सारे ठरते. कोणी म्हणते, मोठ्या सभेत न घाबरता एक गाणे म्हणता यावे. कोणी म्हणते, विशारद व्हावी. निवृत्त गृहस्थ म्हणतात, मला मैफल ऐकताना काय चालले आहे ते कळावे. तिघांनाही गाणेच शिकावयाचे आहे, परंतु तिघांचा सौदा वेगळा आहे.

मग मुलाला तानपुऱ्यापुढे बसवून षड्ज लावावयास सांगतो आणि दोन-चार अलंकार बरोबर म्हणतो. शेवटची पाच मिनिटे वर्षाचा क्रम सांगण्याची: इतके अलंकार, भूप-दुर्गा-यमनसारख्या रागांतील एकेक चीज, त्रिताल आणि एकताल हाताने मोजता येणे, आणि तयारी झाली तर परीक्षा. जे होणार नाही तेही येथेच सांगतो.

एकदा एक गृहस्थ आले. दूरदर्शनवरच्या स्पर्धेसाठी मुलीला तीन महिन्यांत तयार करा, म्हणतील ते देतो, म्हणाले. गळा गोड होता. मी सांगितले, तीन महिन्यांत तुमची मुलगी एक गाणे उत्तम म्हणेल, पण ते पाठ केलेले असेल. ते काम करणारे दुसरे शिक्षक शहरात आहेत, मी नाव देतो. त्यांना राग आला नाही. पुढे त्यांनीच आपल्या भाचीला माझ्याकडे पाठविले. जे आपण विकत नाही ते साफ सांगावे, हीही विक्रीचीच रीत आहे.

पैशाची गोष्ट

आता अवघड जागा. पैशाची गोष्ट मी पहिल्या बैठकीतच, क्रम सांगून झाल्यावर, त्याच स्वरात सांगतो. आवाज खाली नेत नाही, घसा खाकरत नाही. ‘गटात बसल्यास महिना इतके, एकट्याने इतके. तीन महिन्यांचे आगाऊ.’ एवढे बोलून गप्प बसावे. आपल्याला ती शांतता सहन होत नाही आणि आपणच ‘पण तुमच्यासाठी पाहू काही’ असे म्हणून टाकतो. समोरचा माणूस त्या वेळी नुसता मनात बेरीज करीत असतो.

मग एक छापील पान हाती देतो. फी, वारांच्या वेळा, सुट्ट्या, आणि विद्यार्थी गैरहजर राहिला तर काय, शिक्षक गैरहजर राहिला तर काय. विद्यार्थी चुकला तर तो तास गेला. मी चुकलो तर तो भरून देणार. हे पान आल्यापासून कटकटी मिटल्या, कारण प्रत्येक वादाचे उत्तर वादाच्या आधीच दिलेले असते.

घासाघीस झालीच तर दर कमी करावयाचा नाही, जिन्नस बदलावयाचा. ‘एकट्याची फी जड वाटते ना, मग गटात बसवा.’ सवलत द्यावयाची तर ती नियमाने, उदाहरणार्थ दोन भावंडांना. जो अधिक बोलतो त्याला स्वस्त आणि जो मुकाट देतो त्याला महाग, हा अन्याय शिक्षकाने तरी करू नये.

आपल्या जुन्या घरांतून मात्र एक वेगळीच अडचण येते. एका प्रतिष्ठित घरच्या आजी नातवाला घेऊन आल्या होत्या. छापील पान त्यांनी चष्मा लावून वाचले आणि म्हणाल्या, “अहो गुरुजी, तुमच्या वडिलांनी आमच्या नणंदेला चार वर्षे शिकविले. त्यांनी कधी तोंडाने पैसे मागितले नाहीत हो!”

मी म्हणालो, “खरे आहे, आजी. त्यांनी मागितले नाहीत. आणि महिनाअखेरीस आमच्या आईला वाण्याकडे ‘पुढच्या आठवड्यात देते’ असे सांगावे लागे.”

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग नातवाकडे वळून म्हणाल्या, “तुझ्या बाबाला सांग, पैसे पहिल्या तारखेच्या आत पोचले पाहिजेत.”

हा प्रसंग मी कोणाला उणे दाखविण्यासाठी सांगत नाही. ज्या घरांनी कलावंतांना पोसले त्याच घरांतील माणसे ही. त्यांना न सांगता कळेल, असे आपण धरून चालतो, आणि त्यांना वाटते की विचारले तर अपमान होईल. दोन्ही बाजूंनी अदब, आणि मधे उपाशी राहते ती गवयाच्या घरची चूल.

पाठपुरावा आणि पंचांग

बैठक झाल्यावर घरी विचार करून सांगतो, असे बहुतेक म्हणतात. तिसऱ्या दिवशी मी दोन ओळींचा निरोप पाठवितो. दोन आठवड्यांनी आणखी एक. त्यानंतर नाही. जागा असताना ‘आता एकच उरली’ असे म्हणत नाही आणि जागा नसताना खुर्ची सरकवून कोणाला बसवीत नाही. जागा नसेल तर नाव लिहून ठेवतो, किंवा दुसऱ्या शिक्षकाकडे पाठवितो. त्यांच्याकडूनही तशीच माणसे माझ्याकडे येतात. एकट्याच्या पेढीला शेजारच्या पेढीशी सलोखा असलेला बरा.

वर्षालाही चढ-उतार आहेत आणि ते दरवर्षी तेच असतात, म्हणून त्यांचे पंचांग करून ठेवावे. जूनमध्ये शाळा उघडल्या की चौकशांचा पहिला भर. आषाढात गुरुपौर्णिमा, भाद्रपदात गणपती, त्यांच्यानंतर दुसरा लहान भर. नवरात्रात बडोद्यात नऊ रात्री कोणीही तानपुऱ्यापुढे बसत नाही, सारे शहर गरब्याला जाते. तेव्हा तेथे तास ठेवूच नयेत, छापील पानावर सुट्टी लिहून मोकळे व्हावे. दिवाळीनंतर पुन्हा काही नवे विद्यार्थी. मंडळाच्या परीक्षा नोव्हेंबर-डिसेंबरात आणि एप्रिल-मेमध्ये. फेब्रुवारी-मार्च हे शाळेच्या परीक्षांचे महिने, गळतीचे. फेब्रुवारीत जे जातात त्यांना ‘जूनमध्ये जागा राखून ठेवू का?’ एवढे विचारले तर त्यांतले काही परत येतात. विचारले नाही तर तेही येत नाहीत.

हल्ली परदेशांतील नातवंडेही शिकतात. न्यू जर्सीतील मुलीची शनिवारची सकाळचे नऊ म्हणजे आपली संध्याकाळचे साडेसहा. पण नोव्हेंबरात तिकडची घड्याळे एक तास मागे जातात आणि तोच तास आपल्याकडे साडेसातला येतो. मार्चमध्ये पुन्हा साडेसहाला. हे आधी लिहून ठेवले नाही तर हिवाळ्यात त्या तासावर दुसराच विद्यार्थी येऊन बसलेला असतो.

निरोप

विद्यार्थी सोडून जातो तेव्हा शिक्षकाचे तोंड पडते, आणि निरोपाचा दिवस कसातरी उरकला जातो. माझ्या मते तो नीट साजरा करावा. काय झाले, काय राहिले, पुढे कोठे शिकता येईल, हे सांगावे. का सोडतोस हे खुल्या मनाने विचारावे आणि उत्तर वहीत लिहावे. गुरुपौर्णिमेचे आमंत्रण त्याला पुढेही पाठवीत राहावे. आपला सर्वांत मोठा प्रचारक तोच असतो. दहा वर्षांनी तो आपल्या मुलाचे बोट धरून येतो. तेव्हा वहीतल्या ‘कोणी सांगितले?’ या रकान्यात काही लिहावे लागत नाही.

या सर्वांना वेळ किती लागतो, असे कोणी विचारील. गुरुवार माझा सुट्टीचा वार. सकाळी नऊ ते अकरा मी वही घेऊन बसतो. राहिलेले निरोप, पुढच्या बैठका, कोणाची फी यावयाची आहे, किती जागा रिकाम्या आहेत. अकरा वाजता वही मिटते आणि पुढच्या गुरुवारपर्यंत, रोजची एकेक ओळ सोडली तर, धंद्याचा विचार डोक्यात येऊ द्यावयाचा नाही. ज्यांनी विक्रीचा विचार केलाच नाही ते कलावंत पैशाच्या विवंचनेतून सुटले नाहीत; उलट ती विवंचना त्यांच्या तानपुऱ्याशेजारी येऊन बसली. काळजीला आठवड्याचे दोन तास नेमून दिले म्हणजे उरलेला आठवडा ती मागत नाही.

शिवणकाम करणाऱ्या बाईंनी जागांच्या ऐवजी कपडे मोजावे, फराळ करणाऱ्या वहिनींनी किलो मोजावे, पंचांगात नवरात्राच्या ऐवजी लग्नसराई लिहावी. बाकी रीत तीच: किती आहे ते मोजणे, विचारणाऱ्याची नोंद ठेवणे, आधी ऐकणे, भाव स्पष्ट सांगणे, दोनदा विचारून थांबणे आणि जाणाऱ्याला चांगला निरोप देणे. जून यावयाच्या आत एक कोरी वही घ्यावी आणि पहिल्या पानावर आपल्याजवळ किती जागा आहेत तेवढा आकडा लिहावा. पहाटेचे दोन तास माझे स्वत:च्या रियाजाचे आहेत. ते कोणाला विकावे लागू नयेत, यासाठीच हा सगळा खटाटोप.